बापानं वावर एकाच भावाला बक्षीस दिलं? कागद काढण्यापासून दाव्यापर्यंतची वाट

मागच्या तुरीच्या हंगामात दोघी बहिणी माझ्या टेबलापाशी आल्या. तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी अर्ज लिहितो. यवतमाळ जिल्ह्यात या कामात बरीच वर्षं गेली आहेत. थोरलीच्या हातात बियाण्याच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत एकच कागद, मोबाईलवरून काढलेला सातबारा. सहा एकर वावर आणि भोगवटादाराच्या रकान्यात फक्त भावाचं नाव. "बाबांनी बक्षीसपत्र करून दिलं म्हणते तो. बाबा गेले. आता आमचं काय?"

मी विचारलं, "तुमचे आजोबा कधी वारले?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आपण बापाचं बोलतोय आणि हा माणूस आजोबाचं काय काढून बसला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण अशा प्रकरणात निम्मा निकाल याच प्रश्नात असतो. भाऊ लबाड आहे का, बाप भोळा होता का, बहिणींनी बापाचं किती केलं, हे सगळं नंतर. आधी वावर मुळात कोणाचं होतं ते पाहावं लागतं.

दावा वकीलच लावतील. पण वकिलाकडं रिकाम्या हातानं गेलात तर पहिल्या चार तारखा कागद गोळा करण्यातच जातात. म्हणून हे लिहितोय.

आधी कागद

सगळ्यात आधी बक्षीसपत्राची नक्कल. दुय्यम निबंधक कार्यालयात स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि त्याची नक्कल फी भरून कोणालाही मिळते. "तुम्ही त्यात पक्षकार नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, लेखी अर्ज द्या. दस्ताचा नंबर माहीत नसेल तर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, काढा, त्यात दस्त क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. फक्त सूची क्रमांक दोनवर, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यावर, थांबू नका. तिथं क्षेत्र आणि नावं कळतात, पण दस्तात आत काय लिहिलंय आणि शेवटी कोणाच्या सह्या आहेत ते कळत नाही.

मग उलटं चालायचं. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक नंबराचा फेरफार काढायचा, त्याच्या आधीचा सातबारा काढायचा, पुन्हा त्यावरचे फेरफार. असं मागं मागं जात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत पोचायचं. आपल्या विदर्भात हा कागद सोन्याच्या मोलाचा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि त्या वेळच्या महसूल कायद्याखाली गावोगावचं हे रेकॉर्ड तयार झालं. कोणत्या खसऱ्यावर कोणाचं नाव होतं, ते तिथं सापडतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. एकत्रीकरणात जुना सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आला असेल, तर जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. तो नसेल तर विरुद्ध बाजूचा वकील उभा राहून एवढंच म्हणतो, "हे वावर ते नव्हेच."

तिसरा कागद म्हणजे आजोबांच्या मृत्यूचा. जुना मृत्यूचा दाखला बहुतेकांकडं नसतो. कोतवाल बुकाची नक्कल मागा, गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. अक्षर लागत नाही, नाव अर्धवट असतं, वडिलांचं नाव आणि जात पाहून ओळखावं लागतं. सोबत एक वंशावळ कागदावर काढून ठेवा. आत्यांसकट. आत्यांना लोक नेहमी विसरतात, आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या ठरतात.

वावर कोणाचं?

आता खरी गोष्ट. थोडं सावकाश वाचा.

बापानं स्वतःच्या कमाईतून खरेदीखतानं घेतलेलं वावर असेल, तर ते त्याचं आहे. तो ते एका मुलाला देऊ शकतो, जावयाला देऊ शकतो, गावच्या देवस्थानाला देऊ शकतो. इतर मुलांना विचारायची गरज नाही. "आमच्यावर अन्याय झाला" हे तिथं कारण होत नाही. तिथं लढायचंच असेल तर दस्त खोटा आहे, फसवून घेतलाय किंवा दाबून घेतलाय, एवढंच उरतं. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो, आणि लोक नाराज होऊन दुसऱ्या टेबलावर जातात. जाऊ देत.

वडिलोपार्जित असेल तर मात्र चित्र पालटतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा बापाला बक्षीस देता येत नाही, बाकीच्या सहदायादांची, म्हणजे जन्मानं हिस्सा असलेल्यांची, संमती नसेल तर ते बक्षीसपत्र मुळातच रद्दबातल. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. २०२२ च्या निकालातही सांगितलं की कर्त्याला, म्हणजे कुटुंबप्रमुखाला, वडिलोपार्जित मिळकत बक्षीस देता येते ती फक्त धर्मादाय किंवा धार्मिक कारणासाठी, माया म्हणून नाही. लेकीला लग्नात किंवा नंतर वाजवी वाटा दिला तर तो चालतो, ही जुनी सवलत आहे. गंमत अशी की हाच हिस्सा बापाला मृत्युपत्रानं देता येतो, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ३० तशी मुभा देतं. म्हणजे बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र केलं असतं तर निदान बापाच्या हिश्शापुरतं टिकलं असतं. लिहून देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. मुलाला द्यायच्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये ठेवलंय, त्यामुळं सगळे तिकडंच धावतात. पीककर्ज आणि योजनांसाठी मुलाच्या नावानं सातबारा हवा असतो, हेही खरं. प्रत्येक बक्षीसपत्रामागं कपट नसतं.

मग वडिलोपार्जित म्हणजे काय? लोकांना वाटतं, आजोबांचं ते वडिलोपार्जित. तसं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. आजोबांनी स्वतः घेतलेलं वावर असेल आणि ते त्या तारखेनंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर बापाला ते कलम ८ खाली मिळालं. ते बापाचं स्वतंत्र, त्यात नातवांचा जन्मजात हक्क नाही. १९८६ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलं आहे. आजोबा त्या तारखेच्या आधी वारले असतील, किंवा आजोबांनाच ते पणजोबांकडून आलं असेल, तर वडिलोपार्जित म्हणायला जागा आहे. म्हणून मी आजोबांची तारीख विचारतो.

त्या दोघी बहिणींचंच उदाहरण घ्या. नकला काढल्यावर दिसलं की सहा एकर आजोबांना त्यांच्या भावासोबतच्या वाटणीत पणजोबांकडून आलेलं. म्हणजे आजोबांच्या हातात ते वडिलोपार्जितच. आजोबा वारले १९६१ मध्ये. आजी आधीच गेलेली. मागं बाप आणि एक आत्या. आत्या असल्यामुळं कायद्यानं असं धरायचं की आजोबांच्या मृत्यूच्या क्षणी बापलेकांची वाटणी झाली, तीन एकर आजोबांचे, तीन बापाचे. आजोबांच्या तीन एकरांत बाप आणि आत्या निम्मे निम्मे, दीड दीड एकर.

म्हणजे सहा एकरांतले तीन एकर बापाच्या हातात वडिलोपार्जित, दीड एकर त्याचं स्वतःचं, आणि दीड एकर आत्याचं, जे त्याला कधीच देता येणार नव्हतं. २०१६ मध्ये त्यानं सहाच्या सहा एकर लिहून दिले. आई आधीच वारलेली. वडिलोपार्जित तीन एकरांत बाप, भाऊ, दोघी बहिणी असे चार वाटे, पाऊण पाऊण एकराचे. बाप गेल्यावर त्याचा पाऊण एकर तिघांत, म्हणजे पाव पाव. बहिणींना एकेक एकर. भावाकडं एक अधिक बक्षिसाचं दीड, म्हणजे अडीच. आत्या दीड. धाकटी बोटांवर मोजत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आत्याला आमच्यापेक्षा जास्त?" हो. आत्या हिंगणघाटला असते, तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मुलींसाठी आणखी एक तारीख. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीमुळं ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानं सहदायाद आहे. बाप त्या दिवशी जिवंत असायलाच पाहिजे असं नाही, हे विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला ठरलं. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विल्हेवाट या दुरुस्तीनं उघडता येत नाही. बक्षीसपत्र २००३ चं असेल तर मुलीला २००५ चा आधार घेता येत नाही. मुलगा मात्र आपल्या जुन्या हक्कावर येऊ शकतो. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीत तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हक्क मिळाला होता. त्यात बसत असाल तर लग्नाची तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

दस्त वाचताना

बक्षीसपत्राची भाषा ठरलेली असते: "मी अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, तुम्ही माझी सेवा करता म्हणून प्रेमापोटी..." त्यात काही सापडत नाही. शेवटचं पान पाहा.

कायद्याला हवं ते एवढंच: देणाऱ्याची सही किंवा अंगठा, किमान दोन साक्षीदार, नोंदणी, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हयातीत केलेला स्वीकार. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२२ आणि १२३. दस्तावरचे साक्षीदार वेगळे आणि रजिस्ट्रीच्या वेळी "यांना ओळखतो" म्हणणारे वेगळे. कधी कधी तेच दोघं दोन्ही कामं करतात, कधी साक्षीदारानं देणाऱ्याला सही करताना पाहिलेलंच नसतं.

त्या बहिणींच्या दस्तात बापाच्या सहीच्या जागी अंगठा होता. आणि थोरली म्हणाली, "बाबा तर सही करत होते, सोसायटीत." विविध कार्यकारी सोसायटीतल्या पीककर्जाच्या जुन्या कागदांची नक्कल मागवली. चार ठिकाणी ठसठशीत मोडकी सही, ळ उलटा काढलेला. मग सही येणाऱ्या माणसानं अंगठा का दिला? हात थरथरत असेल, असं भाऊ म्हणतो. असेलही. पण हा प्रश्न कोर्टात विचारण्यासारखा झाला. दस्ताच्या महिन्यातले दवाखान्याचे कागद, डोळ्याच्या ऑपरेशनची चिठ्ठी, कोणी गाडीतून कुठं नेलं, पैसे कोणी भरले, हे सगळं लिहून ठेवा. नुसतं म्हातारपण दबाव ठरत नाही. पण बाप पूर्णपणे त्या मुलावरच अवलंबून होता आणि दस्त उघडपणे एकतर्फी दिसतो असं दाखवता आलं, तर व्यवहार सचोटीचा होता हे दाखवायचा भार घेणाऱ्यावर येऊ शकतो.

एक गैरसमज फार पसरलाय: "बाप मरेपर्यंत वावर स्वतः कसत होता, ताबा दिलाच नाही, म्हणून बक्षीसपत्र कच्चं." हिंदूंच्या नोंदणीकृत बक्षीसपत्राला ताबा देणं आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगून टाकलंय. ताब्याचा मुद्दा परिस्थितीचा पुरावा म्हणून वापरा, त्यावर सगळं उभं करू नका.

फेरफाराची हरकत

रजिस्ट्री झाली की नोंदीची सूचना तलाठ्याकडं जाते. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून पटवारीच. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. आपली चावडी या संकेतस्थळावर गावनिहाय नोटिसा दिसतात, तिथं अधूनमधून पाहत जा. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

हरकत जिंकाल अशी आशा ठेवू नका. नोंदणीकृत दस्त समोर असताना मंडळ अधिकारी मालकी ठरवत बसत नाही, ते त्याचं कामही नाही. फेरफारानं मालकी येत नाही आणि जातही नाही. नोंद मंजूर झाली म्हणून रडत येणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि हेच सांगतो. उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील ६० दिवसांत करता येतं. करा, पण त्याच्या भरवशावर दिवाणी दावा थांबवू नका.

आणि इथं एक काटा आहे. हरकत अर्जावर तुमची तारीख पडली की "बक्षीसपत्राची माहिती कधी झाली" याचं उत्तर कायमचं ठरलं.

मुदत

दस्त फसवून किंवा दाबून घेतला म्हणून उलटवायचा असेल, तर कारण कळल्यापासून ३ वर्षं. बापानं केलेली वडिलोपार्जित मिळकतीची विल्हेवाट रद्द ठरवायची असेल, तर घेणाऱ्यानं ताबा घेतल्यापासून १२ वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेल्याची तक्रार असेल, तर वगळलं हे कळल्यापासून १२. तेव्हा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतले, असाल तर सज्ञान झाल्यावरची वेगळी मोजणी आहे. कोणती मुदत लागते यावर दोन्ही वकील भांडतात, म्हणून सगळ्यात छोटी धरून चाला.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची घाई करू नका. एक तर "हा दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवतात. दुसरं, तिथं रागाच्या भरात "आम्हाला चार वर्षांपासून माहीत होतं" असं लिहून देता आणि तोच कागद पुढं तुमच्यावर उलटतो.

दावा

दावा वावर ज्या न्यायालयाच्या हद्दीत येतं तिथल्या दिवाणी न्यायालयात. बक्षीसपत्र तुम्ही लिहून दिलेलं नाही, म्हणून "ते रद्द करा" असं नव्हे, तर "ते बेकायदेशीर असून आमच्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करा" अशी मागणी असते. कोर्ट फीतही त्यानं फरक पडतो. नुसती जाहीर करण्याची मागणी करून थांबलात तर दावा तिथंच अडतो. सोबत वाटणी आणि स्वतंत्र ताबा मागा, आणि वावर विकू नये, गहाण टाकू नये म्हणून तात्पुरता मनाईहुकूम.

सगळे हिस्सेदार पक्षकार हवेत. आत्या, मेलेल्या बहिणीची मुलं, सगळे. आणि कुटुंबाची सगळी मिळकत दाव्यात घ्या, गावातलं घर आणि खळ्याची जागा धरून. अर्धी मिळकत टाकून वाटणी मागितली की दाव्यावर पहिला आक्षेप तोच येतो. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवायची आठवण वकिलाला करा, नाहीतर मधल्या काळात वावर तिसऱ्याच्या गळ्यात जातं आणि तुम्ही त्याच्याशी भांडत बसता.

लिहिताना एक गोष्ट सोडू नका. दस्तावरची सही, अंगठा तुम्हाला मान्य नसेल तर तसं स्पष्ट शब्दांत नाकारा. गुळमुळीत लिहिलं तर नोंदणीकृत दस्ताच्या साक्षीदाराला न बोलावताच भाऊ पुढं सरकतो. स्पष्ट नाकारलं तर साक्षीदाराला पिंजऱ्यात यावं लागतं, आणि गावातल्या साक्षीदाराला तिथं उभं राहणं जड जातं.

खर्चाचं: महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. अनेक बहिणींना हे माहीतच नसतं. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना लागत नाही. समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते.

हुकूमनामा झाला म्हणजे वावर हातात आलं असंही नाही. सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणी होते, धुरे पडतात. मग फेरफार.

वेगळी प्रकरणं

बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. अनुसूचित जमातींना तो लागत नाही, तिथं रूढी पाहावी लागते. शिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला बक्षीस देताच येत नाही, वरून परवानगी असल्याशिवाय. मेळघाट, गडचिरोली, आमच्या यवतमाळातले पांढरकवडा-घाटंजीकडचे लोक असतील तर हाच मुद्दा आधी तपासा. वर्ग-२ च्या, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेल्या, जमिनीचं हस्तांतरण परवानगीशिवाय झालं असेल, किंवा शेतकरी नसलेल्याला दिलं असेल, तर १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आणि महसूल संहिता मदतीला येतात. तो अर्ज महसूलकडं, दिवाणीत नाही.

मुसलमान कुटुंबात हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडीही होतो, पण तिथं ताबा देणं आवश्यक आहे. माणूस हयातीत सगळी मिळकत देऊ शकतो. एक तृतीयांशाची मर्यादा मृत्युपत्राला आहे, हिबाला नाही. मरणाच्या आजारात दिलेला हिबा मात्र वेगळा.

आणि बाप अजून जिवंत असेल तर? मग मुलांनी पुढं पळू नये. बक्षीस घेऊन मुलगा भाकरही देत नसेल तर बापानं स्वतः उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात जावं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३. दस्तात सांभाळण्याची अट असेल तर काम सोपं. अट लिहिलेली नसली तरी अर्ज करून पाहावा, जानेवारी २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा उदार अर्थ लावला आहे. माझ्याकडं असे दोन म्हातारे आले होते. दोघांनीही अर्ज लिहून घेतला, आणि दोघांनीही तो खिशातच ठेवून मुलाला दाखवला. एकाचं त्यानंच भागलं.

त्या बहिणींचा दावा दाखल झाला आहे. आत्याही आली, वयाच्या ऐंशीत, एसटीनं. पहिल्या तारखेला भाऊ तिच्या पाया पडला आणि तिनं त्याला आधी विचारलं, सोयाबीन किती झालं. वकील आता लोकअदालतीत तडजोडीचं बोलू लागले आहेत. पुढची तारीख तुरीच्या सोंगणीनंतरची.